डाव्या कानाची लागू तारीख

हवालदारकाकांच्या घरात मी बिऱ्हाड केलं ते त्यांची परवानगी न घेता. माझ्या समजुतीप्रमाणे ती मी रीतसर घेतली होती. नवं लग्न झालेलं, चिकलठाण्याच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये कारकुनी लागलेली आणि डोक्यावर छप्पर नाही, अशा अवस्थेत कुणीतरी सांगितलं की जालना रोडच्या आतल्या गल्लीत एका फौजी माणसाच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. मी गेलो. ओट्यावर बाजेवर एक उंच, ताठ गृहस्थ बसले होते. मिशा अशा, की पाहताक्षणी आपण दोन्ही पाय जुळवून उभं राहावं. मी ओट्यावर चढून त्यांच्या डाव्या हाताला तसाच उभा राहिलो आणि माझं गाव, नोकरी, नवं लग्न, नळाची वेळ, भाडं, बायको शाकाहारी आहे पण मी कधीकधी अंडं खातो, हे सगळं एका दमात सांगून टाकलं. ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. शेवटी गंभीरपणे म्हणाले, "बराबर हाय तुमचं."

मी तरंगतच परत आलो. पुढच्या रविवारी टेम्पोत कॉट, स्टोव्ह, दोन ट्रंका आणि बायको घालून हजर झालो. काका दारात उभे होते. त्यांनी टेम्पोकडे पाहिलं, कॉटकडे पाहिलं, नीलाकडे पाहिलं आणि मग मला विचारलं, "कोणाकडं आलात?"

नीलानं त्या वेळी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर तिला इतकी सोयीची वाटली की तिनं ती पुढं कायमची ठेवून घेतली. तेवढ्यात आतून एक लहानखुरी, सावळी, भराभरा चालणारी बाई पदराला हात पुसत बाहेर आली. "आवो, उतरू द्या सामान. लेकरू उन्हात उभं हाय," असं म्हणून तिनं नीलाचा हात धरला आणि तिला घरात नेलं. लेकरू म्हणजे नीला. मी उन्हातच होतो. अशा रीतीनं काकूंनी आम्हाला जागा दिली आणि काकांनी ती दिलीच नाही, हे मला पाच वर्षं अधूनमधून ऐकावं लागलं.

"बराबर हाय तुमचं" हे काकांचं वाक्य गल्लीत प्रसिद्ध होतं. त्यामुळं काकांविषयी गल्लीत दोन मतं होती आणि त्यांचं आपसात कधी जमलं नाही. एक पक्ष म्हणायचा की हवालदारांसारखा समंजस माणूस उभ्या औरंगाबादेत नाही. काही सांगा, शांतपणे ऐकून घेतात आणि आपल्याच बाजूनं बोलतात. दुसरा पक्ष म्हणायचा की इतका खवट म्हातारा पाहिला नाही. तोंड उघडायची खोटी, अंगावर येतो. एकदा दोन शेजाऱ्यांत शेवग्याच्या शेंगांवरून जुंपली. झाड एकाचं, फांदी दुसऱ्याच्या अंगणात. दोघंही न्याय मागायला काकांच्या बाजेपाशी आले आणि दोन बाजूंना उभे राहिले. डावीकडचा पोटतिडकीनं बोलला; काका म्हणाले, "बराबर हाय तुमचं." उजवीकडचा त्याच्याहून मवाळ बोलला, त्याला काका म्हणाले, "दोन शेंगांसाठी वरडून राहिलास? लाज वाटू दे थोडी!" उजवीकडचा त्यानंतर आमच्या गल्लीतून सायकलवरनंसुद्धा गेला नाही.

फौजेनं काकांना आणखी एक वाक्य दिलं होतं. "कागदावर जे हाय, तेच हाय. बाकी समदी हवा." रेशनकार्डावर त्यांचं वय दोन वर्षांनी चुकलं होतं. ते बदलून आणू म्हटलं तर म्हणाले, "कशाला? सरकारनं लिव्हलंय म्हंजे तसंच आसंल. आईला कुठं वाचता येत व्हतं?" घरात हुकूम मात्र काकूंचा चाले. काका म्हणायचे, "बाबूजी, फौजेत बी असंच आस्तंय. हुकूम एकाचा आन् मिशा दुसऱ्याच्या." त्यांनी मला पहिल्या दिवसापासून बाबूजी म्हटलं, फौजेत कारकुनाला असंच म्हणतात. मला तो मान वाटायचा. नीला म्हणाली, तो मान नाही, तो दर्जा आहे.

काकूंचं माहेर पैठणकडचं, गोदाकाठच्या एका खेड्यातलं. त्यांचं एक वैशिष्ट्य आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं, ते म्हणजे सत्यनारायण. इतरांच्या घरी ही पूजा लग्नानंतर नाहीतर वास्तुशांतीला होते. काकूंकडे ती बोअर कुठं घ्यायचा यासाठी व्हायची. धाकट्या मुलाला कुठली मुलगी करायची यासाठी झाली. पत्रे बदलायचे की स्लॅब टाकायचा, यासाठी तर लागोपाठ दोनदा झाली. गुरुजी जवळच राहायचे आणि काकूंच्या भक्तीचे दाखले साऱ्या वसाहतीला देत फिरायचे. "कथा चालू असताना त्या माऊलीचे ओठ सारखे हलत असतात," ते म्हणायचे. "अखंड नामस्मरण!"

ते नामस्मरण मी एकदा जवळ बसून ऐकलं. साधुवाण्याची नाव बुडत होती आणि काकू हळू आवाजात म्हणत होत्या, "स्लॅबच टाकू. पत्र्याखाली पोरं भाजून निघत्यात. काय म्हन्ता?" काकांनी समोरच्या केळीच्या खांबाकडे बघत उत्तर दिलं, "टाकू. पण पावसाच्या आदी." झाला निर्णय.

"पूजेला बसले की ह्यांची बुद्धी जाग्यावर येती," काकूंनी नीलाला गुपित सांगितलं. "एरवी काय बी बोल, बराबर हाय, बराबर हाय. आन् करायचं कायच नाय. पाटावर बसले की समदं ध्यान देऊन ऐकत्यात. देव सुबुद्धी देतो बग." मीही मान हलवली. पूजेनंतरचा साजूक तुपातला शिरा माझ्या पुढ्यात होता. त्या काळात माझी सगळ्यावर श्रद्धा होती.

काकांच्या डाव्या कानाचा शोध नीलानं लावला. ते बाजेवर नेहमी एकाच अंगानं बसायचे, उजवा खांदा रस्त्याकडे, डावा स्वयंपाकघराच्या दाराकडे. एकदा त्या दारात तिच्या हातून पाण्यानं भरलेली पितळी कळशी पडली. गल्लीतली कुत्री उठली, मी आतून धावत आलो, काका जागचे हलले नाहीत. मग ती मुद्दाम बाजेला वळसा घालून उजवीकडे गेली आणि अगदी हळू म्हणाली, "काका, चहा?"

"आन की," काका म्हणाले.

"काका, तुमचा डावा कान गेलाय."

काकांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. "हळू बोल, पोरी," ते म्हणाले आणि मग त्यांनी आम्हा दोघांना ते सांगितलं.

काका तोफखान्यात होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांची तोफ रात्रंदिवस चालली, आणि त्यात केव्हातरी डाव्या कानात शिटी वाजायला लागली. लढाई थांबली, शिटी थांबली, आणि त्याबरोबर कानही थांबला. बोलायची सोय नव्हती. कान दुखतो म्हणणाऱ्या गड्याला तोफेवरून काढून लंगरात कांदे चिरायला बसवत, आणि काकांना कांदे चिरायचे नव्हते. फौज सुटताना डॉक्टरांनी तपासणी केली. डॉक्टर मागं उभे राहून हळू आवाजात आकडे बोलत होते. "मी उजव्या कानानं ऐकलं आन् दोन्ही कानांचं उत्तर दिलं," काका म्हणाले. त्यात थोडा अभिमानही होता. कागदावर शिक्का पडला, दोन्ही कान ठीक. पुढं चिकलठाण्याला एका कारखान्यात रखवालदारी मिळाली. बहिऱ्याला रखवालीवर कोण ठेवील? म्हणून तिथंही गप्प. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी एकच उत्तर ठरवून ठेवलं, आणि लोकांचं बोलणं बहुतेक वेळा त्या उत्तरात बसायचं.

"काकूंना ठाऊक आहे?" नीलानं विचारलं.

"वयानं कमी ऐकू येतंय, आसं वाटतंय तिला. वाटू द्या."

आता रखवालदारीही संपली होती. लपवायचं कारण उरलं नव्हतं. तोफेनं कान गेला असेल तर सरकार त्याची वेगळी पेन्शन देतं, असं माजी सैनिकांच्या बैठकीत काकांनी ऐकलं, अर्थात उजव्या बाजूनं. माझं इंग्रजी चांगलं आहे असा माझा गैरसमज त्या वेळी नुकताच पसरला होता. अर्ज मी लिहिला. डॉक्टरांच्या बोर्डापुढं काकांची तपासणी झाली. घरी येऊन काकांनी काकूंना एकदाचं सांगितलं, की कान वयानं नाही, लढाईत गेला. त्या दिवसापासून काकू काकांशी फार मऊ वागायला लागल्या. ताटात चटणी आपणहून वाढायच्या. दुपारी ओव्या गुणगुणायच्या. नीला म्हणाली, "काहीतरी झालंय. काकू हलक्या झाल्यात."

काही महिन्यांनी उत्तर आलं. मंजूर! कान तोफेनंच गेला यात डॉक्टरांना शंका नव्हती. तो कधी गेला याला मात्र पुरावा नव्हता. उलट फौज सुटतानाचा कागद म्हणत होता की दोन्ही कान ठीक. म्हणून पेन्शन लागू झाली ती अर्ज पोचला त्या तारखेपासून. काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि मला पेढे आणायला पिटाळलं.

पेढे घेऊन आलो तर काकू ओट्यावर बसल्या होत्या. "बाबूजी, सरकार काय म्हन्तंय? ह्यांचा कान कवापासून गेला?"

मी पेढा तोंडात टाकत कागदावरची लागू तारीख वाचून दाखवली. गेल्या पोळ्याच्या आसपासची होती.

"म्हंजे त्याच्या आदी कान चांगला व्हता?"

"कागदोपत्री, हो." मी जाणकाराच्या थाटात सांगितलं.

काकूंनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला आणि उठून आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी काकांशी अबोला धरला. पंचाईत अशी, की तो काकांच्या लक्षातच आला नाही. काकू रागानं बोलायच्या थांबल्या, काकांना घर पूर्वीसारखंच वाटत होतं. शेवटी आठवड्यानं मला म्हणाले, "बाबूजी, आजकाल भाकरी आदळल्यावानी वाढती. काय कारन आसंल?"

मला कारण लख्ख दिसत होतं. तारीख मागं गेली तर मागची सगळी बाकी मिळणार. बाईमाणसाला व्यवहार कळतो. मी काकूंकडे गेलो आणि म्हणालो, "काळजी करू नका. थकबाकीसाठी आपण लढू."

"थकबाकी घाला चुलीत!" काकू म्हणाल्या. मी घाबरून नीलाच्या मागं सरकलो. मग त्या नीलाकडेच वळून बोलल्या.

काका फौजेतून सुटून आले त्याच महिन्यातली गोष्ट. एका लग्नाहून दोघं एसटीनं परत येत होते. काकू खिडकीशी. त्यांच्या वडिलांना, दादांना, बरं नसल्याचं लग्नात कळलं होतं. सासरी, माणसांच्या घोळक्यात नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. गाडीत तेवढी मिळाली. त्या म्हणाल्या, "दादांचा जीव बरा नाय. मला चार दिस सोडून या." काका म्हणाले, "बराबर हाय." काकूंनी गावी येऊन लुगडी बांधून ठेवली आणि वाट पाहिली. काकांनी पेरणी काढली, विहिरीचं काम काढलं, माहेरचं नाव काढलं नाही. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. "येकदा सांगितल्यालं दुसऱ्यांदा सांगायला मी काय भिकारीन हाय?" दादा गेले. काकू पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"मी कदी बोलून दाखवलं नाय गं. म्हनलं फौजी मानूस, काळीज दगडाचं. केला संसार. मंग परवा ह्यांनी सांगितलं कान लढाईतच गेला, तर मला वाटलं, आई गं, म्हंजे ऐकलंच नसंल ह्यांनी! लई हलकं वाटलं. आन् आता सरकार म्हन्तंय कान अवंदापरेंत चांगला व्हता. म्हंजे ऐकलं की! ऐकूनशान नेलं नाय मला."

मी लागू तारीख म्हणजे काय, कान जाण्याची तारीख निराळी आणि पैसे धरण्याची निराळी, हे समजावायला तोंड उघडलं. नीलानं मला पायानं ढोसलं. मी बंद केलं.

संध्याकाळी मी काकांना उजवीकडून सगळं सांगितलं. ते मिशी चावत म्हणाले, "गाडी आठवती. खिडकीतनं वारा येत व्हता, तिचा पदर माज्या तोंडावर येत व्हता. ती कायतरी बोलली. मी बराबर हाय म्हनलो आसंल. समद्यांनाच म्हन्तो." मग ते तसेच उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि म्हणाले, "मी ऐकलं नव्हतं. शप्पथ."

काकू चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुमीच म्हन्ता ना, कागदावर हाय तेच हाय?"

दाराकडून परत येणारे काका मी विसरणार नाही. तोफेपुढं न हललेला माणूस एका वाक्यानं वाकला होता. बाजेवर बसून म्हणाले, "बाबूजी, तारीख मागं न्या. काय बी करून न्या. पैसा नको म्हनावं. निस्ती तारीख द्या."

मी अपील लिहायला बसलो. स्टोअरमध्ये माझा सगळा पत्रव्यवहार खराब मालाबद्दलचा. नकळत तीच चाल लागली. मी लिहिलं की मालातला दोष पाठवणीच्या दिवसापासूनच होता, तो आमच्या निदर्शनास उशिरा आला, सबब ज्या दिवशी माल आपल्या ताब्यातून सुटला ती तारीख धरावी. मराठीत वाचून दाखवल्यावर काका म्हणाले, "मी काय बेअरिंग हाय का?" पण थोडा विचार करून म्हणाले, "राहू द्या. बराबर हाय." त्या वेळी मी उजवीकडे होतो, म्हणून मला फार बरं वाटलं.

पुराव्यासाठी काकांनी दौलताबादहून हमीदभाईंना बोलावलं. हमीदभाई त्यांच्याच तोफेवरचे. आता किल्ल्याच्या पायथ्याशी पेरूची बाग सांभाळायचे. एक टोपली पेरू आणि एक पांढरी दाढी घेऊन ते आले, साक्ष लिहून दिली आणि काकूंसमोर हात जोडून म्हणाले, "भाभी, इनका डावा कान तो वहींच गया. मैं बाजू में खडा रैता था. हुकूम आया की इनकी पीठ पे थाप मारता था. इन्हों मेरेकू कसम दिये थे, किसीकू नै बोलना."

काकूंनी त्यांना चहा दिला, पेरूंचं कौतुक केलं आणि ते गेल्यावर म्हणाल्या, "दोस्त हाय. दोस्तावानीच बोलनार. पाठीवर थाप मारायला काय जातंय?"

अपील गेलं. दिवस चालले. काका वाळत चालले. ते आता कुणालाच "बराबर हाय" म्हणत नव्हते. ऐकू आलं नाही की नुसते बघत राहायचे. डावीकडच्या पक्षात नाराजी पसरली.

मधल्या काळात आम्हाला मुलगी झाली. बारशानंतर मागच्या खोलीत सत्यनारायण घालायचं ठरलं. पूजा आमची, पण हुकूम अर्थातच काकूंचा. गुरुजींनी चौरंग मांडला, मी सोवळं सावरत पाटावर बसलो. नीला सवयीनं माझ्या डाव्या हाताला बसायला लागली.

"आगं, तिकडं नाय! उजवीकडं बस," काकू म्हणाल्या. "पूजेला बाई उजवीकडं. हाताला हात लावावा लागतो."

"आणि एरवी?" नीला पाट उचलत म्हणाली.

"एरवी डावीकडं. माज्या आईनं शिकवलंय मला. चालताना, बसताना, गाडीत, कुठं बी जा, बाईनं नवऱ्याच्या डाव्या अंगाला…"

काकू थांबल्या. त्यांच्या हातात हळदकुंकवाचं ताट होतं. ते त्यांनी सावकाश खाली ठेवलं.

"गाडीत बी," त्या म्हणाल्या.

नीलानं पाट तसाच हातात धरून ठेवला. गुरुजींनी शंख तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला.

"फौजेतनं आले तवा पयली पूजा घातली," काकू स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. "लगीच चार दिसांत ते लग्न, आन् ती गाडी. पूजेत मी जे जे इचारलं ते समदं ऐकलं ह्यांनी. येक येक उत्तर दिलं. आन् गाडीत…" मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "देव कसला सुबुद्धी देतोय गं! मीच येडी उजवीकडं बसत व्हते!"

त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लागला, आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. इतक्या वर्षांच्या पूजांचं मूळ कारण असं उघडं पडलेलं पाहून गुरुजींचा चेहरा मात्र उतरत गेला. त्यांनी घाईघाईनं शंख फुंकला.

काकू पूजेसाठी थांबल्या नाहीत. त्या पुढच्या ओट्यावर गेल्या. माझं लक्ष मंत्रांत नव्हतं, हे देवानं पाहिलं असेल. दारातून मला बाज दिसत होती. काकू नेहमीसारख्या स्वयंपाकघराच्या बाजूला उभ्या राहिल्या नाहीत. बाजेला पुरा वळसा घालून रस्त्याच्या बाजूला गेल्या. काकांनी मान वर केली. काकू साध्या आवाजात म्हणाल्या, "दादांचा जीव बरा नाय. मला चार दिस सोडून या."

काका उभे राहिले. ताठ, मिशांसकट. "चला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आणि काकू ठेवणीतलं लुगडं नेसून पैठणच्या गाडीला निघाले. मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. गाडीत काकांनी आधी खिडकीशी स्वतः बसून पाहिलं, मग काकूंना बसवून पाहिलं, मग मागच्या बायकांना उठवलं आणि आपला डावा कान खिडकीला लागेल अशी जागा धरली. कंडक्टर वैतागला. "काका, बसा ना कुठंतरी!" काका म्हणाले, "कुठंतरी बसूनच इतकी वर्सं गेली, बाबा." दादा जाऊन एक पिढी लोटली होती. तिकडे काकूंच्या भावाला कळेना, ही दोघं अचानक कशी आली. काका त्याला म्हणाले, "उशीर झाला, माफी आसावी." भावाला वाटलं, गाडी उशिरा आली.

तिथं ते चार दिवस राहिले. परत आल्यावर काकूंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाज फिरवली. काकांचा उजवा खांदा स्वयंपाकघराकडे आला. आता गल्लीतले लोक डावीकडे आले आणि सगळ्यांनाच काका समंजस वाटायला लागले.

अपिलाचं उत्तर पावसाळ्यानंतर आलं. नामंजूर. सुटतानाच्या कागदावर कान ठीक असल्याची नोंद असल्यानं लागू तारीख बदलता येत नाही. मी कागद वाचून खाली मान घालून बसलो. माझ्या इंग्रजीचा तो पराभव होता. काका म्हणाले, "त्यांचं बराबर हाय. खोटं मीच बोललो व्हतो डॉक्टरपुढं."

काकू तांदूळ निवडत होत्या. "सरकारची तारीख सरकारपाशी," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात मी लावली तारीख. फौजेतनं सुटले त्या दिसापासून. त्याच्या पुढचं डाव्या अंगाला मी जे जे बोलले, ते समदं माफ."

काकांच्या मिशा फुलल्या.

"पर उजव्या कानात सांगितल्यालं माफ नाय. पूजेत मी बोअरचं बोलले व्हते, जांभळीखाली घ्या म्हनून. तुमी घेतला भिंतीपाशी. पानी लागलं का? आजपासून त्याचा हिशेब."

काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाबूजी, ह्याचं अपील कुठं करायचं आस्तंय?"

पुढं आम्ही मुकुंदवाडीकडे स्वतःचं घर घेतलं आणि तिथून निघालो. निघताना काकांनी सामान स्वतः टेम्पोत चढवून दिलं. येणं-जाणं राहिलं. हिवाळ्यात काकूंचा हुरडा यायचा, मुलीच्या लग्नात काका फेटा बांधून दारात उभे होते. आता शहराचं नाव बदललं, त्या गल्लीत तिमजली घरं झाली. कंपनीत अजूनही कुणी माझ्याशी सतत सहमत व्हायला लागला की मी उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तीच गोष्ट पुन्हा सांगून बघतो. बऱ्याचदा उत्तर बदलतं.

गेल्या वर्षी काका गेले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना ओट्यावर आणून ठेवलं होतं. काकू त्यांच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. गल्लीतली एक वयस्क बाई म्हणाली, "बाई, तिकडं नाय, अशी या बाजूला बस. रीत आस्ती." काकू जागच्या हलल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "हिकडून ऐकू येतंय त्यांना." मग त्या खाली वाकून बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या. सगळ्या गल्लीनं तेवढा वेळ माना दुसरीकडे फिरवल्या.

आम्ही रिक्षानं घरी परतलो. माझं मन मऊ झालं होतं. अशा वेळी माणसानं तोंड उघडू नये. पण माझा तो स्वभाव नाही. घरी आल्यावर मी नीलाला म्हटलं, "काकूंनी बघ, एका झटक्यात इतक्या वर्षांचं माफ करून टाकलं. तूही माझ्या बाबतीत एखादी तारीख ठरवून टाक ना. त्याच्या पुढचं सगळं माफ."

नीलानं पायातल्या चपला काढून नीट भिंतीशी लावल्या. डोळे अजून ओले होते तिचे.

"काकांचा एक कान गेला होता," ती म्हणाली. "तुमचे दोन्ही शाबूत आहेत. तुम्हाला अर्जच करता येत नाही."